तीन पत्तीत हात धरणारा कुणी नाही, मग पोकरमध्ये का हरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऐरोलीत नोकरी करणारे एक गृहस्थ दर शनिवारी रात्री घणसोलीला मित्राच्या घरी पोकर खेळतात. सहा जण, टेक्सस होल्डेम, प्रत्येकाला दोन हजार चिप्स, ब्लाइंड (पत्ते बघण्याआधी दोघांनी टाकायचीच रक्कम) दहा आणि वीस. दिवाळीच्या तीन पत्तीत हे काका-मामांना धुऊन काढतात, पण पोकरमध्ये चार महिन्यांत एकदाच पुढे राहिले. ते विचारतात, "पत्तेच येत नाहीत की माझं काही चुकतंय?" सोबत त्यांनी हरलेला एक डाव लिहून पाठवलाय, तो फार बरं केलं. त्यावरच बोलू.

पत्ते सगळ्यांना सारखेच येतात. तुमचं चुकतंय, आणि ती चूक तीन पत्तीनं लावलेली सवय आहे. मी स्वतः त्याच वाटेनं आलोय. आमच्याकडे गणपतीच्या जागरणाला आधी मेंढीकोट व्हायचं, मोठी माणसं पेंगायला लागली की तीन पत्ती. त्यात पॅक करणारा भित्रा. "काय रे, घाबरलास?" हे ऐकायला नको म्हणून माणूस आणखी एक चाल देतो. पोकरच्या टेबलावर मी पहिली दोन वर्षं तेच केलं, आणि ठाणे-नेरुळच्या दोस्तमंडळींचे वडापाव माझ्यावर चालले.

आधी एक किरकोळ पण नवख्याला हमखास नडणारी गोष्ट सांगतो. तीन पत्तीत सिक्वेन्स कलरच्या वर असतो. पोकरमध्ये उलटं, फ्लश म्हणजे कलर मोठा आणि स्ट्रेट म्हणजे सिक्वेन्स लहान. ही कुणाची लहर नाही. तीन पत्त्यांचे एकूण २२,१०० हात होतात, त्यात साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पत्त्यांत स्ट्रेट १०,२०० आणि फ्लश ५,१०८, म्हणजे फ्लश दुर्मीळ. जे कमी वेळा जमतं ते मोठं, एवढाच हिशेब. (गंमत म्हणजे तीन पत्ती स्वतःच हा हिशेब वर जाऊन मोडते. ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, ५२ प्रकारे होते, प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच कलरचा, ४८ प्रकारे, तरी ट्रेल मोठी. आमच्या मामाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तू पत्ते वाट.)

आता तुमचा डाव. बिग ब्लाइंडच्या, म्हणजे वीस टाकणाऱ्याच्या, लगेच पुढे तुम्ही बसला होता, म्हणजे सगळ्यांत आधी बोलायची पाळी तुमची. हातात किलवरचा एक्का आणि इस्पिकची सत्ती. तुम्ही वीस टाकून नुसता कॉल केलात, म्हणजे तेवढ्यास तेवढे. मधले दोघं पॅक. बटणावरच्या, म्हणजे वाटणाऱ्याच्या जागेवरच्या, मित्रानं ऐंशी केले, दोन्ही ब्लाइंड पॅक, तुम्ही आणखी साठ टाकले. पॉट, म्हणजे मधे जमलेली रक्कम, १९०. फ्लॉप, म्हणजे सगळ्यांसाठी खाली उघडलेले पहिले तीन पत्ते, आला बदामचा एक्का, बदामची नव्वी, चौकटची चौकी. तुम्ही चेक (काही न टाकता पाळी पुढे), त्यानं १००, तुम्ही कॉल. पॉट ३९०. टर्नला, म्हणजे चौथा पत्ता, किलवरचा गुलाम. चेक, २५०, कॉल. पॉट ८९०. रिव्हरला, म्हणजे पाचवा आणि शेवटचा, इस्पिकची दुर्री. चेक, ५००, आणि तुम्ही लिहिलंय, "आता एवढे टाकलेच होते तर बघूनच घेतलं." त्यानं एक्का-राणी दाखवली. एका डावात ९३० चिप्स, म्हणजे जवळजवळ अर्धा ढीग गेला.

तुम्हाला वाटतंय की रिव्हरचे ५०० चुकले. चुकले खरे, त्याकडे येतो. पण या डावातले सगळ्यांत महाग चिप्स पहिले वीस होते. एक्का-सत्ती घेऊन सर्वांआधी बोलायला बसलेल्या माणसाचं काय भलं होतं ते बघा. एक्का आलाच नाही तर हातात काही नाही. आला, तर समोरचा लहान हात पळून जातो आणि जो पैसे घालत राहतो त्याच्याकडे बहुधा एक्का आणि शिवाय त्याच्याजोडीला सत्तीपेक्षा मोठा पत्ता असतो. जोडीदार पत्त्याला पोकरमध्ये किकर म्हणतात. दोघांकडे एक्क्याची जोडी असली की भांडण किकरवर सुटतं. म्हणजे हा हात जिंकतो तेव्हा मूठभर जिंकतो आणि हरतो तेव्हा परात भरून हरतो. तीन पत्तीत एक्का दिसला की जीव सुखावतो, कारण तिथे एक्का हायवर डाव निघतात. इथे फ्लॉप, टर्न, रिव्हर धरून प्रत्येकाला सात पत्त्यांतून पाच निवडायचे असतात, त्यामुळे नुसत्या एक्क्याची पत फार उरत नाही.

तेच पत्ते बटणावर बसून आले असते आणि तुमच्याआधीचे तिघंही पॅक झाले असते, तर मी सांगितलं असतं, साठ करा. पत्ते तेच, खुर्ची वेगळी. बटणावरचा माणूस फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी बोलतो. बाकीच्यांनी काय केलं हे बघून तो ठरवतो, आणि तुम्ही अंधारात चेक करून त्याच्या तोंडाकडे बघत बसता. सोसायटीच्या मीटिंगमध्ये शेवटी बोलणाऱ्याचंच का चालतं, तसंच आहे हे. नवख्याला मी पत्त्यांआधी जागा ओळखायला लावतो. डाव वाटला की पत्ते उचलण्याआधी स्वतःशी म्हणायचं: बटण कुठे आहे, माझ्यानंतर किती जण बोलायचे आहेत.

मग कुठले पत्ते घेऊन खेळायचं? सुरुवातीला, सर्वांआधी बोलताना, इतकेच ठेवा: सत्तीपासून एक्क्यापर्यंतच्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, आणि एकाच कलरचे असतील तर एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, राजा-राणी. दोन पत्त्यांचे एकूण १,३२६ प्रकार होतात, त्यातले हे ९२, म्हणजे शंभरात सात. बाकी त्र्याण्णव वेळा पॅक. वाचून कंटाळा आला ना? येऊ दे. बटणाकडे सरकाल तशी यादी वाढवा. लहान जोड्या, गुलाम-दश्शीसारखे एकमेकांना लागून असलेले एकाच कलरचे पत्ते, बरे एक्के. बटणावर शंभरात तीस-चाळीस हात खेळले तरी चालतं, पुढचे पॅक झाले असतील तर.

आणि खेळायचं तर रेझ करून, म्हणजे रक्कम वाढवून खेळा. नुसते वीस टाकून आत शिरणं ही तीन पत्तीची चाल झाली. तीन पत्तीत चालीची रक्कम आधीच्या चालीला बांधलेली असते, त्यामुळे "किती टाकू" हा प्रश्नच डोक्यात येत नाही. पोकरमध्ये अर्धा खेळ त्याच प्रश्नाचा आहे. बिग ब्लाइंड वीस असेल तर साठ करा, तुमच्याआधी कुणी नुसता कॉल करून बसला असेल तर प्रत्येकामागे आणखी वीस. चांगल्या हाताला जास्त आणि मध्यम हाताला कमी असं करू नका, आठवड्याभरात अख्ख्या घणसोलीला कळेल. फ्लॉपनंतर पॉटच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत बेट बहुतेक वेळा पुरते.

एकाच कलरच्या पत्त्यांचा मोह मात्र आवरा. दोन्ही बदाम हातात आहेत म्हणून राजा-तिर्री खेळणारे आमच्याकडे रांगेनं होते. फ्लॉपवरच पूर्ण फ्लश व्हायची वेळ साधारण १२० डावांत एकदा येते. लहान जोडीचंही तसंच. पंजी-पंजी घेऊन तिसरी पंजी फ्लॉपला लागणं साडेआठात एकदा. ते खेळा, पण स्वस्तात, आणि समोरच्याकडे कॉलच्या पंधरा-वीस पट चिप्स असतील तरच, नाहीतर लागूनही हाती काही पडत नाही.

आता रिव्हरचे ते ५००. इथे जरा थांबू, कारण पोकर शिकणं म्हणजे हाच हिशेब करायला शिकणं असं माझं मत आहे.

पॉटमध्ये ८९० होते, त्यानं ५०० घातले, म्हणजे तुमच्यासमोर १,३९० पडलेत आणि ते बघायची किंमत ५००. तुमचे धरून १,८९०. त्यात ५०० म्हणजे साडेसव्वीस टक्के. चारांतून एकदापेक्षा थोडं जास्त वेळा तुमचा हात वर असेल तर कॉल बरोबर, नाहीतर चूक. तुम्ही आधी टाकलेले ४३० या हिशेबात कुठेच येत नाहीत. ते तुमचे नाहीतच आता, ते पॉटचे. "एवढे टाकलेत" हे वाक्य ज्या दिवशी डोक्यातून जाईल त्या दिवशी तुमचा निम्मा तोटा थांबेल.

बरं, चारातून एकदा तुम्ही वर आहात का? मोजू. एक एक्का तुमच्या हातात, एक खाली, म्हणजे दोनच उरले. एक्का-राजा आठ प्रकारे होऊ शकतो, एक्का-राणी आठ, आणि एक गुलाम खाली असल्यामुळे एक्का-गुलाम सहा. झाले बावीस. नव्व्यांची, चौक्यांची किंवा गुलामांची जोडी घेऊन आला असेल तर त्याचे तीन-तीन, म्हणजे नऊ. एकतीस. एक्का-नव्वी मी सोडूनच देतो. याच्या विरुद्ध तुम्ही कशाला हरवता? बदामचे दोन पत्ते घेऊन फ्लशची वाट बघत बसलेला आणि न लागल्यानं आता दम देणारा. राजा-राणी, राजा-दश्शी, राणी-दश्शी, दश्शी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती, असे बदामचे सहा-सात हात निघतील. ते सगळेच्या सगळे त्यानं तीन फेऱ्या रेटले असं उदारपणे धरलं तरी अडतीसात सात. अठरा टक्के. किंमत साडेसव्वीस, माल अठराचा. पॅक.

टेबलावर बसून एवढं मोजता येत नाही हे मला ठाऊक आहे. मलाही नाही येत. पण घणसोलीहून परतताना रिक्षात एक डाव आठवून असा मोजला की पुढच्या वेळी अंगाला कळतं. शिवाय तुम्ही त्या मित्राबरोबर चार महिने खेळताय. तो तीन वेळा सलग पैसे घालून नुसती हवा दाखवणारा आहे का, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. शनिवारच्या खेळात तिसऱ्या फेरीला मोठे चिप्स पुढे करणारा बहुतेक वेळा खरं बोलत असतो.

वाट बघणाऱ्या हाताचा हिशेब त्याहून सोपा आहे. समजा त्याच फ्लॉपवर तुमच्याकडे बदामचा राजा आणि राणी असती. तेरा बदामांतले चार दिसले, नऊ राहिले. कामाचे जितके पत्ते शिल्लक, त्याची दुप्पट म्हणजे पुढच्या एका पत्त्यात लागण्याचे अंदाजे टक्के, चौपट म्हणजे दोन्ही पत्ते मिळून. नऊ दुणे अठरा, नऊ चोक छत्तीस. खरे आकडे १९ आणि ३५, म्हणजे पाढा बऱ्यापैकी चालतो. १९० च्या पॉटमध्ये त्यानं १०० घातले तर तुमची किंमत ३९० मध्ये १००, जवळपास सव्वीस टक्के. एका पत्त्याचे १९ त्याला पुरत नाहीत. तरी इथे मी कॉल करीन, कारण बदामचा एक्का खाली पडलाय, लागला तर माझ्यावर दुसरा फ्लश नाही आणि पुढच्या फेऱ्यांत एक्केवाला मला आणखी देईल. चौपट लावताना एक भान ठेवा: ती रिव्हरपर्यंत आणखी पैसे न टाकता पोहोचणार असाल तेव्हाचीच आहे. आणि मधला एकच पत्ता आला तर स्ट्रेट, अशा हाताला चारच पत्ते कामाचे, एका फेरीत साडेआठ टक्के. नवखे सर्वांत जास्त चिप्स याच भोकात ओततात.

ब्लफबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न तोच असणार. सध्या जवळपास बंद ठेवा. तुमच्या टेबलावर कुणी पॅक करत नाही असं तुम्हीच लिहिलंय. जो पॅकच करत नाही त्याला फसवणार कसं? त्याला चांगला हात दाखवून पैसे घ्यायचे, एवढंच काम. समोरच्याचे डोळे, नाकपुड्या, चहाचा कप धरलेला हात, यातही मी फार वेळ घालवत नाही. डाव संपल्यावर उघडलेले पत्ते बघा. तो काय घेऊन रेझ करतो, काय घेऊन रिव्हरपर्यंत येतो, ते तिथे फुकट दिसतं, आणि नेमकं त्याच वेळी सगळे मोबाइलमध्ये असतात.

पत्ते येत नाहीत या तक्रारीबद्दलही थोडं. घरी हातानं वाटून तासाला पंचवीसेक डाव होतात, चार तासांत शंभर. एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा येते. म्हणजे दोन शनिवार सरळ कोरडे गेले तर त्यात काही विशेष नाही. चार महिन्यांचे सोळा-सतरा शनिवार म्हणजे दीड हजारभर डाव, त्यावरून नशिबाचा निकाल लावता येत नाही. तुमचा निकाल मी जिंकण्या-हरण्यावरून नाही, त्या एक्का-सत्तीवरून लावला.

एक्क्यांवरून माझी एक गोष्ट. पावसाळा होता, नेरुळला मित्राच्या फ्लॅटवर खेळत होतो. मला दोन एक्के आले आणि मी शहाणपणा केला, रेझ न करता नुसता कॉल केला, म्हणजे सगळे आत येतील आणि मी त्यांना कापीन. आले, पाचही जण आले. एका माणसाविरुद्ध दोन एक्के शंभरात पंच्याऐंशी वेळा जिंकतात, पाच जणांविरुद्ध एकोणपन्नास. एका भावजींनी सत्ती-चौकीत दोन जोड्या केल्या आणि माझा ढीग नेला. तोवर ठीक होतं. पण माझी सटकली. घड्याळ बघितलं तर ठाण्याची शेवटची लोकल निघून गेलेली. पहिल्या गाडीपर्यंत करायचं काय, म्हणून पुन्हा चिप्स घेतले, मग पुन्हा. पहाटे नेरुळ स्टेशनवर उभा होतो तेव्हा त्या एका डावात गेले होते त्याच्या पाचपट गेले होते. एक्क्यांनी मला हरवलं नव्हतं, गाडी चुकल्यानं हरवलं. तेव्हापासून ट्रान्स-हार्बरची शेवटची गाडी हीच माझी उठायची वेळ. पुढे असो, मागे असो, उठतो. आणि सटकली असं वाटलं की गाडीला तीन तास असले तरी गच्चीवर जाऊन येतो, दोन-चार फेऱ्या तशाच जाऊ देतो.

पैशांचं एकदाच सांगतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यात पोकरची ॲपही बंद झाली. त्यामुळे "सरावाला ॲप घेऊ का" या प्रश्नाचं उत्तर, फुकटच्या चिप्सचं असेल तर घ्या, तेवढंच. घरच्या खेळात, महाराष्ट्रात जुगाराचा १८८७ चा कायदा अजून लागू आहे हे लक्षात ठेवा, आणि कुणी जागेचे म्हणून दर डावातून नाल काढायला लागला तर तिथून उठा, तो मित्राचा खेळ राहिला नाही. आमच्या मंडळात गेली काही वर्षं चिप्सना किंमत नाही. महिनाअखेर जो सर्वांत मागे तो मामलेदारची मिसळ खाऊ घालतो. पुरतं.

आता शनिवारपर्यंत एक करा. पत्त्यांचा कॅट घ्या, नीट पिसा, स्वतःला दोन पत्ते आणि खाली तीन असे पन्नास वेळा वाटा. जोडी हातात आली तर तो डाव सोडा. बाकीच्या डावांत आपल्या दोनपैकी एखाद्या पत्त्याची जोडी तरी फ्लॉपला लागली का, तेवढं वहीत लिहा. तीनांतून एकदा लागते. माझा भाचा खारकर आळीत आमच्याकडे आला होता, त्याला हेच करायला बसवलं. त्याच्या पन्नासांत एकोणीस निघाले, तो खूश. मग मी त्याला त्या एकोणीसांवर पुन्हा बसवलं: यात खालच्या तिन्हीतल्या सर्वांत मोठ्या पत्त्याची जोडी किती, आणि जोडीला दश्शीच्या वरचा किकर किती. चार उरले. त्या चारांसाठी तो एरवी किती डावांत वीस-वीस टाकत बसला असता, हे त्यानं मला न विचारताच वहीच्या कडेला मोजलं.